फिरत्या पंख्याजवळ काम करताना: विमान, हेलिकॉप्टर आणि ड्रोनभोवतीच्या जमिनीवरच्या माणसांसाठी संपूर्ण माहिती

बीड जिल्ह्यात विमानतळ नाही, मग हा लेख आपल्यासाठी कशाला, असं तुम्हाला वाटू शकतं. पण जरा आजूबाजूला बघा. निवडणुकीच्या दिवसांत परळी, गेवराई, माजलगाव, आष्टी, केज असं कुठेही शाळेच्या किंवा कॉलेजच्या मैदानावर हेलिकॉप्टर उतरतं. शेतात फवारणीचे ड्रोन आले आहेत. आणि आपल्याकडची मुलं-मुली पुणे, मुंबई, हैदराबाद, छत्रपती संभाजीनगर इथल्या विमानतळांवरच्या ग्राउंड स्टाफच्या नोकरीची चौकशी करत असतात.

मी बीडचाच. तंत्रज्ञानावर लिहायला लागल्यापासून "विमान उडतं कसं?" हा प्रश्न मला खूपदा विचारला गेला. "जमिनीवर उभ्या असलेल्या, इंजिन चालू असलेल्या विमानाजवळ जायचं कसं?" हे मात्र क्वचितच कुणी विचारतं. खरं तर आपल्यापैकी बहुतेकांचा संबंध येईल तो याच दुसऱ्या प्रश्नाशी.

या लेखात आपण पाहणार आहोत: फिरता पंखा दिसत का नाही, थांबलेला पंखाही धोकादायक का असतो, विमानतळावर काम कसं चालतं, आणि आपल्या गावातल्या तात्पुरत्या हेलिपॅडवर काय काळजी घ्यायची.

शब्दांचा घोळ नको म्हणून आधीच सांगतो. या लेखात "पंखा" म्हणजे प्रोपेलर किंवा रोटर, "पातं" म्हणजे त्याचं एक पान, आणि "पंख" म्हणजे विमानाच्या दोन बाजूंचे पंख.

फिरता पंखा दिसत का नाही?

घरातला छताचा पंखा पाचवर लावा. मिनिटाला साधारण तीन-साडेतीनशे फेरे होतात आणि तेवढ्यातच पाती वेगळी दिसेनाशी होतात. वैमानिकांच्या प्रशिक्षणात वापरलं जाणारं सेसना १७२ हे छोटं विमान घ्या. त्याचं इंजिन अगदी सावकाश चालत असताना पंख्याचे मिनिटाला सातशेच्या आसपास फेरे होतात. म्हणजे छताच्या पंख्याच्या दुप्पट, आणि हा त्याचा सर्वात कमी वेग. उड्डाणाच्या वेळी तो २७०० पर्यंत जातो.

आता सोपं गणित करू. मिनिटाला ७०० फेरे म्हणजे सेकंदाला साधारण १२. पाती दोन, म्हणून एकाच जागेवरून सेकंदाला सुमारे २३ वेळा पातं जातं. सहज चालणारा माणूस सेकंदाला साधारण १.४ मीटर पुढे सरकतो. दोन पात्यांच्या मधल्या वेळेत तो जेमतेम ६ सेंटिमीटर पुढे जाईल. काहीतरी दिसलं आणि आपण दचकून मागे झालो, यालाच पाव सेकंद लागतो. तेवढ्या वेळात पाच-सहा पाती येऊन गेलेली असतात. "बघून पटकन निघून जाऊ" हा विचार इथे चालतच नाही.

मोठ्या पंख्याचं गणित आणखी वेगळं. मराठवाड्यातल्या लोकांना एटीआर ७२ हे विमान माहीत आहे. २७ एप्रिल २०१७ रोजी उडान योजनेतल्या पहिल्या विमानसेवा सुरू झाल्या, त्यात नांदेड–हैदराबाद हा मार्ग होता आणि त्यावर एटीआरच उडालं. या विमानाच्या प्रत्येक पंख्याला सहा पाती असतात, पंख्याचा व्यास ३.९३ मीटर, म्हणजे जवळपास १३ फूट. पूर्ण वेगात मिनिटाला १२०० फेरे. हिशोब केला तर पात्याचं टोक ताशी सुमारे ८९० किलोमीटर वेगाने फिरतं. विमान जागेवर उभं असतं, पण त्याचं टोक मोठ्या जेट विमानाच्या वेगाने पळत असतं.

पाती रंगवलेली असतात ना?

असतात. बऱ्याच पंख्यांच्या टोकांना पांढरे, पिवळे किंवा लाल पट्टे असतात, म्हणजे फिरताना एक रंगीत कडं दिसतं. भर उन्हात, विमान थेट समोरून बघितलं तर ते दिसतंही. पण बाजूने बघितलं तर पंखा एका रेघेएवढाच उरतो. रात्री आणि मावळतीच्या उन्हात तोही दिसत नाही. अमेरिकेत टेक्सासमध्ये डिसेंबर २०११ मध्ये एक तरुणी नाताळची रोषणाई बघून छोट्या विमानातून उतरली. इंजिन चालू होतं, अंधार होता. ती पंख्यात सापडली. जीव वाचला, पण एक हात आणि एक डोळा गेला.

मोबाईलच्या पडद्यावर भरवसा ठेवू नका

हा मुद्दा खास आपल्यासाठी. हेलिकॉप्टर आलं की प्रत्येकाच्या हातात मोबाईल असतो. मोबाईलचा कॅमेरा पूर्ण चित्र एका क्षणात टिपत नाही. तो एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत ओळीओळीने टिपत जातो. तेवढ्यात पातं पुढे सरकलेलं असतं, म्हणून फोटोत पाती वाकडी किंवा तुटक दिसतात. व्हिडिओत तर पंख्याचा वेग आणि कॅमेऱ्याचा वेग जुळला की पंखा थांबल्यासारखा, कधी उलटा फिरल्यासारखाही दिसतो. पडद्यावर पंखा "थांबलेला" दिसत असताना पुढे पाऊल टाकणं म्हणजे डोळे बांधून चालणं आहे. शूटिंग करायचंच असेल तर लांब, दोरीच्या मागे उभं राहून करा.

कानावरही अवलंबून का राहता येत नाही?

डोळा फसतो, पण एवढा मोठा आवाज तर येतोच, असं वाटेल. अडचण अशी की विमानतळावर एकाच वेळी चार इंजिनांचा आवाज असतो. कामगारांच्या कानावर आवाज अडवणारे मफ असतात. कुठलं इंजिन चालू आहे हे आवाजावरून कळत नाही.

एटीआरमध्ये आणखी एक गंमत आहे. मोठ्या विमानांना जमिनीवर वीज आणि एसी देण्यासाठी शेपटीत एक वेगळं छोटं इंजिन असतं. एटीआरला ते नसतं. त्याऐवजी उजव्या पंख्याला ब्रेक लावून ठेवतात आणि ते इंजिन चालूच ठेवतात. याला "होटेल मोड" म्हणतात. म्हणजे इंजिन गर्जतंय आणि पंखा स्थिर आहे. नवीन माणसाला वाटतं, आवाज असूनही पंखा फिरत नाही म्हणजे धोका नाही. पण तिथे पंख्याला धरून ठेवणारा फक्त ब्रेक असतो. म्हणून त्या पंख्याच्या पुढून-मागून कुणी जायचं नाही, हा नियम तिथेही तसाच लागू असतो.

थांबलेला पंखासुद्धा "जिवंत" असतो

हा या लेखातला सर्वात महत्त्वाचा मुद्दा.

आपल्याकडे पूर्वी घरोघरी असलेली लुना किंवा बजाजची स्कूटर आठवा. बॅटरी नसली तरी किक मारली की ती चालू व्हायची, कारण ठिणगी मॅग्नेटोमधून मिळायची. छोट्या विमानांच्या पिस्टन इंजिनातही मॅग्नेटोच असतो. इंजिन फिरवलं की तो स्वतःची वीज स्वतः तयार करतो. कॉकपिटमधला स्विच बंद केला की एका तारेतून मॅग्नेटो जमिनीला जोडला जातो आणि ठिणगी थांबते. ती तार तुटली किंवा सैल झाली, तर स्विच "बंद" दाखवत असतानाही ठिणगी पडू शकते. सिलिंडरमध्ये थोडं इंधन शिल्लक असेल आणि कुणी पंखा हाताने फिरवला, तर इंजिन एक-दोन झटके मारतं. तेवढे झटके पुरेसे असतात. जुन्या डिझेल पंपाचं हँडल उलटं फिरून मनगट मोडल्याचे किस्से आपल्याकडच्या शेतकऱ्यांना माहीत आहेत. इथे हँडलच्या जागी विमानाचा पंखा आहे.

म्हणून बारामती, गोंदिया, शिरपूर अशा ठिकाणी जिथे वैमानिकांचं प्रशिक्षण चालतं, तिथे पहिला धडा हाच: पंखा कधीही फिरेल असं समजूनच वागा. विमान ढकलताना पंख्याला धरायचं नाही, पंख्याला टेकायचं नाही, त्याच्यासमोर उभं राहून गप्पा मारायच्या नाहीत.

टर्बोप्रॉप इंजिनाचा प्रकार वेगळा. एटीआरच्या इंजिनात पंख्याला फिरवणारं चाक बाकीच्या इंजिनाशी घट्ट जोडलेलं नसतं, मधे फक्त गरम वायूचा प्रवाह असतो. त्यामुळे इंजिन बंद केल्यावरही पंखा बराच वेळ सावकाश फिरत राहतो, आणि पूर्ण थांबल्यावर जोराच्या वाऱ्याने पुन्हा फिरू शकतो. म्हणून उभ्या विमानाच्या पात्याला पट्टा बांधून ठेवतात.

विमानतळावर काम कसं चालतं?

माणसाची नजर, कान आणि अंदाज तिन्ही फसतात हे गृहीत धरूनच विमानतळावरची पद्धत बसवलेली आहे. सावध राहा एवढं सांगून ती थांबत नाही. कुणी, कुठे, कुणाच्या परवानगीने जायचं हे ती ठरवून देते. साधारण क्रम असा:

1. विमान येण्याआधी सगळ्यांची दोन-तीन मिनिटांची बैठक. चॉक कोण लावणार, कोन कोण ठेवणार, शिडी कोण आणणार हे तिथेच ठरतं. चॉक म्हणजे चाकाला लावायचे ठोकळे. जागेवर खडा, स्क्रू, पिशवी काहीही पडलेलं असेल तर उचलतात, कारण पंख्याच्या वाऱ्याने ते उडतं.
2. विमान आत येताना फक्त मार्शलर, म्हणजे हाताने खुणा करणारा माणूस, वैमानिकाच्या नजरेसमोर असतो. बाकी सगळे आखलेल्या रेषेच्या मागे.
3. विमान थांबल्यावर तीन गोष्टींची वाट बघतात: इंजिन बंद, पंखे पूर्ण थांबलेले, आणि विमानाच्या अंगावरचा लाल लुकलुकणारा दिवा बंद. या दिव्याला बीकन म्हणतात. बीकन चालू म्हणजे इंजिन चालू आहे किंवा चालू होणार आहे. होटेल मोडसारख्या वेळी वैमानिकाकडून मिळणारी खूण आधीच ठरलेली असते.
4. चॉक लावणारा एकटा पुढे जातो. पंख्याच्या विमानात तो साधारणपणे नाकाच्या सरळ रेषेत चालत पुढच्या चाकाकडे जातो, बाजूने तिरका घुसत नाही.
5. कोन लावल्यावर बाकीचे लोक आत येतात. पंख्याभोवतीचे कोन म्हणजे भिंत समजायची.
6. प्रवासी ठरलेल्या वाटेनेच चालतात. एटीआरमध्ये प्रवाशांचं दार मागे डाव्या बाजूला आणि सामानाचं दार पुढे असतं. प्रवाशाने पंखाकडे वळू नये म्हणून एक माणूस तिथे उभा असतो. सेल्फीसाठी थांबणाऱ्याला तो हटकतो, तेव्हा त्याच्यावर चिडू नका.
7. निघताना उलटा क्रम. इंजिन चालू करायच्या आधी आजूबाजूला कुणी नाही याची खात्री, आणि विमान हलायच्या आधी जमिनीवरचा प्रत्येक माणूस वैमानिकाला दिसेल अशा जागी आलेला.

सातवा मुद्दा किती मोठा आहे हे आपल्याच राज्यातल्या एका घटनेतून कळतं. १६ डिसेंबर २०१५ रोजी मुंबई विमानतळावर हैदराबादला निघालेल्या एअर इंडियाच्या विमानाजवळ एक तंत्रज्ञ काम करत होता. विमान ढकलून मागे आणलं होतं. जमिनीवरची माणसं अजून बाजूला झालेली नसताना विमान पुढे निघालं आणि तो तंत्रज्ञ इंजिनात खेचला जाऊन गेला. ते जेट विमान होतं, पंख्याचं नव्हतं. पण चूक घडते ती जागा दोन्हीकडे एकच: "सगळे बाजूला झाले" हे पक्कं होण्याआधी यंत्र हलतं.

तिसऱ्या मुद्द्याचं उदाहरण अमेरिकेतलं आहे. ३१ डिसेंबर २०२२ रोजी अलाबामा राज्यातल्या माँटगोमेरी विमानतळावर एका कर्मचाऱ्याचा असाच मृत्यू झाला. त्या विमानाचं शेपटीतलं छोटं इंजिन बिघडलेलं असल्यामुळे मुख्य इंजिन थांबल्यावरही काही वेळ चालू राहणार होतं. हे विमान येण्याआधीच्या बैठकीत सांगितलं होतं. बीकनही चालू होता. तरी शेपटीमागे कोन ठेवायच्या कामात ती व्यक्ती पंखाच्या कडेने चालत इंजिनासमोर आली. रोजचं काम, रोजची वाट, पाय आपोआप वळतात. म्हणूनच "मला माहीत आहे" यापेक्षा "मला खूण मिळाली आहे" हे महत्त्वाचं.

मराठवाड्यातलं एक वेगळं काम: कृत्रिम पाऊस

२०१५ आणि २०१९ च्या पावसाळ्यात तेव्हाच्या औरंगाबाद विमानतळावरून कृत्रिम पावसाचे प्रयोग झाले, आणि आपण बीडकर रोज आकाशाकडे डोळे लावून बसायचो. अशा उड्डाणांत ढगात क्षार सोडणाऱ्या नळकांड्या पंखांवरच्या चौकटीत बसवतात. प्रत्येक फेरीनंतर जळालेल्या नळकांड्या काढून नव्या लावायच्या असतात. ढग निघून जायच्या आत विमान परत उडवायचं असतं, त्यामुळे घाई असते. पंख्यापासून काही पावलांवर, घाईत, हाताने करायचं काम. फिरत्या पंख्याजवळच्या धोक्याचं याहून नेमकं वर्णन सापडणार नाही. अशा वेळी नियम एकच: दोन्ही इंजिनं बंद, पंखे थांबलेले, चॉक लागलेले, मगच हात लावायचा. ढग गेला तर दुसरा येईल.

हेलिकॉप्टर: दोन पंखे, दोन वेगळे धोके

आता आपल्या गावातल्या मैदानाकडे येऊ.

हेलिकॉप्टरचा वरचा मोठा पंखा सगळ्यांना दिसतो आणि त्याची भीतीही वाटते. पण तो नेहमी तेवढाच उंच नसतो. ज्वारीच्या रानात पाखरं उडवायची गोफण आठवा. जोरात फिरवली की दोरी ताठ राहते, वेग कमी झाला की दगड खाली येतो. हेलिकॉप्टरची लांब पातीसुद्धा वेगात असताना ताठ असतात, आणि पंखा चालू होताना किंवा थांबत येताना खाली झुकतात. त्यात वाऱ्याचा झोत आला तर टोक आणखी खाली येतं. म्हणजे "आता थांबतच आलाय" या क्षणी, जेव्हा लोक पुढे धावतात, तेव्हाच टोक सर्वात खाली असण्याची शक्यता असते. जमीन उताराची असेल तर चढाच्या बाजूने टोक आणखी जवळ येतं. म्हणून नेहमी उताराच्या बाजूने जायचं.

शेपटीवरचा छोटा पंखा मात्र बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. बेल ४०७ या नेहमी दिसणाऱ्या हेलिकॉप्टरचा वरचा पंखा मिनिटाला सुमारे ४१३ फेरे घेतो, तर शेपटीचा सुमारे २५००. व्यास दीड-पावणेदोन मीटर, उंची माणसाच्या डोक्याच्या आसपास, आणि फिरताना तो जवळजवळ पारदर्शक. वैमानिकाला मागचं काहीच दिसत नाही. २३ एप्रिल २०२३ रोजी, केदारनाथची दारं उघडायच्या दोन दिवस आधी, तिथल्या हेलिपॅडवर उत्तराखंडच्या नागरी विमान वाहतूक प्राधिकरणाचा एक अधिकारी शेपटीच्या पंख्याला लागून गेला. तो माणूस विमान वाहतुकीच्याच कार्यालयात काम करणारा होता. तरीही.

आपल्या हेलिपॅडवर "ग्राउंड क्रू" कोण असतं?

विमानतळावर ग्राउंड क्रूला प्रशिक्षण असतं, जागा आखलेली असते, कुंपण असतं. आपल्याकडे सार्वजनिक बांधकामवाले मैदानावर चुन्याने गोल आखून इंग्रजी "एच" काढतात, टँकर येऊन पाणी मारून जातो, अग्निशमनची गाडी लागते, पोलीस बंदोबस्ताला येतात. हीच माणसं त्या दिवसापुरती ग्राउंड क्रू. कालपर्यंत ट्रॅफिक सांभाळणारा शिपाई आज फिरत्या पंख्यापासून काही अंतरावर उभा असतो. त्याच्या मागे हार घेतलेले कार्यकर्ते, आणि त्यांच्या मागे हेलिकॉप्टर बघायला आलेली अख्ख्या गावातली पोरं.

गडबड कुठेही होऊ शकते. ३ मे २०२४ रोजी रायगड जिल्ह्यात महाडला सुषमा अंधारे यांना न्यायला आलेलं हेलिकॉप्टर उतरतानाच धुळीत कलंडलं. वैमानिक बचावला, आणि अंधारे लांब थांबलेल्या असल्यामुळे त्यांना काही झालं नाही. त्याआधी २५ मे २०१७ रोजी शेजारच्या लातूर जिल्ह्यात निलंग्याला तेव्हाचे मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांचं हेलिकॉप्टर उड्डाणानंतर लगेच कोसळलं, सुदैवाने सगळे वाचले. हेलिकॉप्टर पूर्ण टेकून पंखे थांबेपर्यंत ते कुठल्याही दिशेला जाऊ शकतं, हे गृहीत धरूनच उभं राहायचं.

हेलिपॅडवर ड्युटी असेल तर सकाळीच सगळ्यांना एकत्र करून या गोष्टी मोठ्याने सांगा. पाच मिनिटं लागतात:

- आत जायला कोण सांगणार, तो एकच माणूस ठरवा. वैमानिकाने किंवा हेलिकॉप्टर कंपनीच्या माणसाने अंगठा दाखवल्याशिवाय त्यानेही कुणाला सोडायचं नाही.
- लोकांसाठी दोरी किंवा बांबू लांब बांधा. कंपनीने अंतर सांगितलं असेल तर तेवढं, नसेल सांगितलं तर पन्नास मीटरच्या आत कुणी नको असं मी सुचवेन.
- शेपटीच्या बाजूला एक माणूस फक्त लोकांना अडवायला ठेवा. त्याचं तोंड गर्दीकडे असावं, हेलिकॉप्टरकडे नव्हे. त्यालाही फोटो काढायचा मोह होतो.
- जायचं ते पुढून किंवा पुढच्या बाजूने, वैमानिकाच्या नजरेत राहून, थोडं वाकून, चालत. पळायचं नाही.
- एका बाजूने दुसऱ्या बाजूला जायचं असेल तर नाकापुढून. शेपटीकडून वळसा कधीच नाही.
- टोपी, फेटा, उपरणं, गमछा, ओढणी, मोकळी कागदपत्रं काढून ठेवा किंवा घट्ट धरा. टोपी उडाली तर जाऊ द्या. तिच्यामागे धावणारा माणूस खाली बघत धावतो आणि पंखा डोक्यावर असतो.
- झेंड्याची काठी, छत्री, माईकचा दांडा उभा धरायचा नाही. लांब वस्तू आडवी, कमरेखाली धरायची.
- जेसीबीने फुलं उधळायची हौस असेल तर ती सभेच्या मंडपापाशी. हेलिपॅडजवळ जेसीबीचा हात आणि उडणारं कापड दोन्ही नको.
- धूळ डोळ्यात गेली तर आहे तिथेच खाली बसा. आंधळेपणाने एक पाऊलही टाकायचं नाही.

नेते पंखा थांबायच्या आधीच उतरतात आणि हारवाले पुढे सरकतात, हे आपण सगळ्यांनी पाहिलेलं चित्र आहे. तिथे उभ्या असलेल्या शिपायाला "साहेबांचे लोक आहेत" म्हणून अडवायला संकोच वाटतो. म्हणूनच अडवायचा अधिकार कुणाकडे आहे हे आदल्या दिवशीच वरिष्ठांनी सगळ्यांसमोर सांगितलेलं बरं. हार दोन मिनिटं उशिरा घातला तरी चालतो.

फवारणीचा ड्रोन: छोटा पंखा, तोच नियम

केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२३ मध्ये जाहीर केलेल्या नमो ड्रोन दीदी योजनेत देशभरातल्या १५,००० महिला बचत गटांना फवारणीचे ड्रोन देण्याचं ठरलं. त्यामुळे आता बांधावर उभी असलेली आपली ताई, वहिनी हीसुद्धा ग्राउंड क्रू आहे.

ड्रोनचा पंखा बॅटरीवर चालतो. त्यामुळे इंजिन गुरगुरणं, धूर निघणं अशी आधीची कुठलीही चाहूल मिळत नाही. रिमोटचा खटका दाबला की क्षणात पूर्ण वेग. दहा लिटरची टाकी उचलणारा पंखा बोटं सहज तोडू शकतो. औषध भरताना आणि बॅटरी बदलताना ही काळजी घ्या:

- मोटर बंद झाल्याचं रिमोट धरणाऱ्याने तोंडाने सांगितल्यावरच जवळ जा.
- औषध भरत असताना रिमोट खाली ठेवलेला असावा, दुसऱ्या कुणाच्या हातात देऊ नये.
- बॅटरी सगळ्यात शेवटी जोडा आणि सगळ्यात आधी काढा.
- उतरणारा ड्रोन हातात पकडायचा नाही. पोरं आणि कुत्री लांब.
- साडीचा पदर खोचलेला, केस बांधलेले.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

पंखा माणसाला ओढून घेतो का?
जेट इंजिन ओढून घेतं, ते मुंबईच्या घटनेत दिसलं. प्रोपेलरची ओढ त्या मानाने कमी असते. पण समोरचं सैल कापड, कागद तो खेचतो आणि मागे जोराचा वारा फेकतो. बहुतेक अपघातांत माणूस स्वतःच्या पायाने पंख्यात जातो, कारण तो त्याला दिसलेलाच नसतो.

इंजिन बंद का करत नाहीत?
बरेचदा करतातच. पण हेलिकॉप्टरचं इंजिन बंद करून परत चालू करायला वेळ लागतो, म्हणून थोड्या थांब्यासाठी वैमानिक पंखा चालू ठेवतात. कार्यक्रम ठरवतानाच "पंखा बंद होऊ द्या, मग उतरू" एवढं आयोजकांनी ठरवलं तर अर्धा धोका तिथेच संपतो.

ग्राउंड स्टाफच्या नोकरीला जाताना काय विचारावं?
ड्रेस, पगार, शिफ्ट हे सगळे विचारतात. सोबत हेही विचारा: विमानाजवळ पाठवण्याआधी किती दिवसांचं प्रशिक्षण आहे? कुठल्या विमानावर? पहिले काही दिवस सोबत अनुभवी माणूस असणार का? खूण न मिळाल्यामुळे मी थांबलो आणि उशीर झाला, तर मला कोण बोलणार? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर "कुणी नाही" असं असेल, तर ती जागा चांगली समजा.

थोडक्यात

फिरता पंखा डोळ्याला दिसत नाही, थांबलेला पंखा कधी फिरेल सांगता येत नाही, आणि अनुभवी माणूसही फसतो. म्हणून आपल्या अंदाजाला इथे किंमत नाही. खूण मिळेपर्यंत रेषेमागे थांबायचं, ठरलेल्या वाटेनेच जायचं, आणि दुसरा कुणी चुकताना दिसला तर तो साहेब असो वा पोरगा, त्याला हाताला धरून मागे ओढायचं. तुमच्या ओळखीचा कुणी पोलिसात, अग्निशमन दलात, बांधकाम विभागात किंवा विमानतळावर कामाला असेल, तर हेलिपॅडची यादी त्याला नक्की वाचून दाखवा. पुढची सभा फार लांब नसते.